फालतू गप्पांचं सरकारी लायसन

बिनमहत्त्वाच्या गप्पा मारण्याची लेखी परवानगी भारत सरकारनं मला दिली आहे. विनोद नाही. दिल्लीहून शिक्क्यानिशी आलेला तो कागद काचेत मढवून मी देवघराच्या शेजारी टांगला आहे. हौशी रेडिओ, म्हणजे जगभर ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अनेक दशकं एक कलम होतं. आशय असा, की हौशी लोकांनी आपसात आपल्या यंत्रांच्या प्रयोगांबद्दल बोलावं. आणि खाजगी बोलायचंच झालं तर ते इतकं किरकोळ असावं, की त्यासाठी पैसे मोजून तार करणं कुठल्याही शहाण्या माणसाला पटू नये. धंद्याचं बोलायचं नाही. राजकारण नाही. धर्म नाही. आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाच्या बोलण्यातून राजकारण काढून घेतलं तर मागं काय उरतं? ऊन.

एवढ्यावर भागत नाही. हे किरकोळ बोलणं माइकसमोर तोंडानं बोलायची सोय असताना काही लोक ते मनगटानं बोलतात, एकेक अक्षर मोर्समध्ये टिकटिकवत. त्यांतला मी एक. भद्रावतीत आणखी कुणी असेल तर त्यानं रात्री सात मेगाहर्ट्झवर यावं, आम्ही दोघं मिळून उन्हाबद्दल बोलू.

काचेत मढवण्याचं कारण वेगळं आहे. आमच्या गावाला लागून आयुध निर्माणी आहे, तिकडं तोफगोळ्यांचं काम चालतं. अशा गावात एखाद्यानं स्लॅबवरून शेजारच्या कडुनिंबापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणली आणि रात्री दार लावून तो डिट-डा, डिट-डा करू लागला, तर लोकांना काळजी वाटणं रास्त आहे. त्यात आमचा मुलुख गडचिरोलीला खेटून. इकडं बिनतारी संच म्हटला की तो एकतर पोलिसांचा नाहीतर वनखात्याचा. तिसरा कुणाचा असला तर त्याबद्दल चहाच्या टपरीवर बोलत नाहीत. पहिल्याच आठवड्यात शेजारचे काकाजी आले, आधी पाणी प्याले, मग पंख्याकडे पाहत म्हणाले, "लायसन गिसन आहे ना जी?" मी भिंतीकडं बोट दाखवलं. काकाजींनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सही-शिक्क्यापर्यंत कागद वाचला आणि म्हणाले, "मंग ठीक आहे. पण बोलता काय?" मी म्हटलं, काही विशेष नाही. तेव्हापासून त्यांचा संशय वाढला आहे.

परीक्षा दोन दर्जांची. खालचा दर्जा नुसत्या लेखी पेपरावर मिळतो. वरच्यासाठी, म्हणजे जनरलसाठी, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स पाठवून आणि ऐकून दाखवायचं, असं आपल्या नियमांनी ठरवलं. शब्द म्हणजे कुठला शब्द, हेही जगानं ठरवलेलं आहे: 'पॅरिस'. डिट हे एक माप धरलं तर डा तीन मापांचा, अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एका मापाची शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मापांची, दोन शब्दांमध्ये सातांची; या हिशेबानं पॅरिस बरोबर पन्नास मापांत बसतं. म्हणजे आठ शब्दांची परीक्षा देणारा माणूस भद्रावतीत बसून मिनिटाला आठदा पॅरिसला पोचतो. एरवी इथून नागपूरला पोचायलाही सकाळ जाते.

गंमत अशी, की मोर्स जगभर सक्तीचं होतं तोवर लोक त्याच्या नावानं बोटं मोडत. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेनं ती सक्ती उठवली आणि निर्णय देशोदेशींच्या मर्जीवर सोडला. अमेरिकेनं २००७ मध्ये मोर्सची परीक्षाच बंद केली. जहाजांनी त्याआधीच, १९९९ पासून, उपग्रहांचा आसरा घेतला होता. मोर्स कुणालाच लागेनासं झालं आणि त्या दिवसापासून हौशी लोकांना ते फार आवडू लागलं. गणिताचं असं का झालं नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.

आमच्या आईला मात्र मोर्स आवडण्या-न आवडण्याचा प्रश्नच पडला नाही. तिला ते भीतीदायक वाटलं. तिच्या पिढीत तार म्हणजे एकच बातमी. तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की बायका आधी रडायला लागत आणि मग तार कुणाकडून तरी वाचून घेत. कधीकधी तारेत नोकरी लागल्याचा मजकूर निघे, मग रडणं तेवढ्यापुरतं मागं घ्यावं लागे. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातल्या तारखात्यानं शेवटच्या तारा घेतल्या आणि दुकान बंद केलं. ते आपल्या मुलानं घरी उघडलं आहे, अशी आईची समजूत झाली. मी मोर्सच्या किल्लीवर बसलो की स्वयंपाकघरातून हाक यायची, "कोन गेलं रे?" कोणी गेलं नाही, मी नुसता बोलतो आहे, म्हटलं तर तिचं समाधान होत नसे. रात्रीच्या नऊ वाजता इतकी टिकटिक, आणि कोणीच गेलं नाही?

किल्ली मी घरीच बनवली. करवतीचं जुनं पातं, दोन स्क्रू आणि बूड. नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेला एक चिमुकला आयसी ती दाबली की शिट्टी घालतो. बुडासाठी लाकूड हवं होतं, म्हणून सुताराकडं गेलो. आमच्याकडच्या सुताराला तळहाताएवढं लाकूड मागणं म्हणजे अपमानच आहे. शेजारी आलापल्लीचं सागवान, ज्याच्या नावावर पिढ्यांनी वाडे बांधले. त्यानं विचारलं, "चौकट कोणती? दाराची का खिडकीची?" मी सांगितलं, तारेच्या किल्लीची. तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग त्यानं अस्सल सागाचा एक ठोकळा रंधून, कोपरे गोल करून, वर पॉलिश मारून दिला. आज माझ्या संचात सर्वांत महाग वस्तू तीच आहे.

मोर्स शिकण्याची चुकीची रीत सोपी आहे: कागदावर टिंबं आणि रेघा काढायच्या, पाठ करायच्या. मग कानावर आवाज पडला की मेंदू आधी टिंबं मोजतो, मग तक्ता आठवतो, मग अक्षर शोधतो, आणि तोवर समोरचा निरोप घेऊन झोपायला गेलेला असतो. लुडविग कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात यावर तोडगा काढला. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात ऐकायचं, पण फक्त दोनच अक्षरं. ती नव्वद टक्के जमली की तिसरं. मोजायला वेळच मिळत नाही, त्यामुळं कान नाइलाजानं चाल ओळखायला शिकतो. आजच्या बऱ्याच शिकवण्यांत ती दोन अक्षरं के आणि एम असतात. काही दिवस घरात के आणि एम यांशिवाय काही वाजत नव्हतं. आईनं विचारलं, "याले दुसरं येत नाही का?"

पण मराठी माणसाला हे सगळं नव्यानं शिकायची गरजच नाही, हा माझा या विषयातला एकमेव शोध. शाळेत वृत्तं शिकवताना मास्तरांनी आपल्या डोक्यात 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र ठोकलं होतं. तीन-तीन अक्षरांचे आठ गण, लघु आणि गुरूच्या सगळ्या शक्य जुळण्या. आता लघूच्या जागी डिट ठेवा, गुरूच्या जागी डा. मोर्समध्ये तीन खुणांची अक्षरंही नेमकी आठच आहेत, आणि एकही गण उपाशी राहत नाही. यगण म्हणजे डब्ल्यू, मगण ओ, तगण जी, रगण के, जगण आर, भगण डी, नगण एस, सगण यू. वरून सुटा लघु म्हणजे ई आणि सुटा गुरु म्हणजे टी. गुरु दोन मात्रांचा आणि डा तीन मापांचा, एवढाच काय तो फरक. तो आपण अमेरिकन ऐसपैसपणा म्हणून सोडून देऊ. बुडत्या जहाजाचा एसओएस म्हणजे नगण, मगण, नगण. नववीत व्याकरणाच्या पेपरात मी नेमका याच मजकुरानं बसलो होतो.

हा शोध लागल्यापासून मला सुखानं कुठं बसता येत नाही. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे चार यगण. पहाटे कुणी ते म्हणू लागलं की मला प्रत्येक चरणाला डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू ऐकू येतं. लग्नात अडचण जास्त. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात: म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरु. त्याचं मोर्स होतं ओ-यू-आर-यू-जी-जी-टी. यातलं 'आर यू' मोर्सवाल्यांच्या लघुलिपीत 'तू आहेस का?' असं विचारायला वापरतात. अंतरपाटाच्या अलीकडं उभ्या असलेल्या नवरदेवाला भटजी दर ओळीत एकदा हा प्रश्न विचारतात आणि तो घाम पुसत गप्प राहतो.

विदर्भाच्या अभिमानाची गोष्ट पुढं आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं पुराव्यानिशी मांडलं. म्हणजे तार न जोडता, आकाशातल्या थरामार्फत, शेकडो कोसांवर खाजगी संदेश पाठवण्याचा पहिला प्रस्ताव नागपूरच्या पलीकडून निघाला. आम्हीही तेच करतो, फक्त ढग थोडा वरचा घेतो: जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवरचा आयनांबराचा थर. दिवसा त्याच्या खालचा एक थर आमच्या लाटा गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि भद्रावतीचा आवाज वर आपटून दूर देशी उतरतो. यक्षाचं केंद्र मंदाक्रांतेत चालू होतं, मोर्समध्ये ओ-डी-एस-जी-जी-टी-टी. त्याला पोच मात्र मिळाली नाही. कालिदासानं यक्षाचं बोलणं लिहिलं, पण पलीकडून उत्तर आल्याचं लिहिलं नाही. आमच्या भाषेत, क्यूएसएल कार्ड आलंच नाही.

गावाच्या नावाचा त्रास कुणी सांगत नाही. सॅम्युएल मोर्सचा जोडीदार आल्फ्रेड व्हेल यानं छापखान्यात कुठल्या अक्षराचे खिळे जास्त लागतात ते पाहिलं आणि सर्वांत लागणाऱ्या ई ला सर्वांत छोटी खूण दिली, असं सांगतात. पद्धत चांगली, पण त्यात भद्रावतीचा विचार झालेला नाही. रोमन लिपीत भद्रावती म्हणजे दहा अक्षरं, १९ डिट आणि ८ डा. ते पाठवून मनगट झटकेपर्यंत समोरचा प्रश्नचिन्ह पाठवतो. रेल्वेनं आपल्या स्टेशनचं नाव अजून भांदक ठेवलं आहे ते इतिहासाच्या प्रेमानं नसून जुन्या तारमास्तरांच्या मनगटाच्या काळजीनं असावं. माझ्या मते चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मोर्ससाठी सर्वांत सुखी माणूस एटापल्लीचा. त्याच्या गावाची सुरुवातच ई, टी, ए: एक डिट, एक डा, मग दोन्ही मिळून. बाराखडीच.

बोलीचंही तसंच. "काय म्हणता जी, बरं आहे ना सगळं" एवढं रोमनमध्ये आठ शब्दांच्या वेगानं पाठवायला चाळीस सेकंद लागतात. समोरच्या विदर्भातल्या माणसानं उत्तर द्यायचं: "हाव". तीन अक्षरं. संपलं. या गणितामुळं मोर्सवाल्यांनी सगळ्याची लघुलिपी केली आहे. शुभेच्छा म्हणजे ७३. हसायचं झालं तर 'हाय हाय' पाठवतात, आणि ते ऐकून घरच्यांना वाटतं की हा रडतो आहे. पुरुष कितीही वर्षांचा असो, त्याला 'ओल्ड मॅन' म्हणायचं. बंगळुरूचा कॉलेजातला एक पोरगा मला म्हाताऱ्या म्हणतो आणि मी त्याला. दोघांचंही समाधान होतं.

आमच्याकडं या छंदाचा खरा शत्रू कूलर. मार्चपासून जूनपर्यंत गावातल्या प्रत्येक खिडकीत एक, आणि प्रत्येकाच्या मोटारीचा आणि रेग्युलेटरचा वेगळा खरखराट. रेडिओवर तो सगळा एकत्र येतो आणि त्यातून ऑस्ट्रेलिया शोधावा लागतो. म्हणून लाईन गेली की सगळं गाव हळहळतं आणि मला आनंद होतो. माझा संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. कूलर एकामागून एक थांबतात, खरखर ओसरते, आणि अंधारात जपान ऐकू येऊ लागतो. एकदा भर मे महिन्यात रात्री लाईन गेली तेव्हा माझ्या तोंडून "वा!" निघालं. ते गल्लीत ऐकू गेलं. त्यानंतर बरेच दिवस लाईन गेली की शेजारचे लोक आधी आमच्या घराकडं बघत.

शक्तीही फार लागत नाही. बोलण्याच्या आवाजाला रेडिओवर जेवढी जागा लागते तिच्या दहाव्या हिश्श्याहून कमी जागेत मोर्स मावतं, म्हणून पाच वॉटमध्येही ते समुद्र ओलांडतं. पाच वॉटचा दिवा घरात लावला तर आई म्हणते, अंधार काहून केला?

ताडोबातही सुटका नाही. मोहर्ली गेटनं आत गेलं, की गाईड सगळ्यांना गप्प करतो आणि कान टवकारतो. वानरानं किंवा चितळानं धोक्याचा आवाज काढला तर तो हळूच म्हणतो, "कॉल येऊन राहिला." इथवर आमचा धंदा एकच. पण मला मधेच झाडावरून दुसरंच काही ऐकू येतं: डिट डिट डिट डिट, तासन् तास, एका लयीत. मी वर बघतो. गाईड म्हणतो, "वाघ इकडं आहे जी, तो तर तांबट आहे." मोर्समध्ये ओळीनं आठ डिट पाठवले की त्याचा अर्थ 'चुकलं, पुन्हा सांगतो'. तांबट अख्खी दुपार हेच म्हणतो आहे आणि पुन्हा काहीच सांगत नाही. वाघाचं मात्र सगळ्यांना दर्शन झालं, मी तांबटाचा मजकूर घेत होतो.

या किरकोळ उद्योगाला एकदा आपल्या राज्यात महत्त्व आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, फोन बंद पडले, आणि हौशी रेडिओवाले आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन तिकडं गेले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओवाल्या भारती प्रसाद आपल्या सोबत्यांसह अंदमानात होत्या. गेल्या होत्या त्या जगभरच्या हौशी लोकांशी संपर्क साधण्याच्या हौसेनं, आणि मग त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. एरवी वर्षानुवर्षं उन्हाबद्दल बोलून ठेवल्यामुळं हात तयार असतो, असं आम्ही घरच्यांना सांगतो. घरच्यांना ते अर्धं पटतं.

हात हा शब्द इथं अक्षरशः घ्यायचा. प्रत्येकाची किल्ली वेगळी वाजते. कुणी डा जरा जास्त ओढतो, कुणी डिट गिळतो, कुणाची शब्दांमधली शांतता दमेकऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे चोरून ऐकणारे लोक जर्मन तारवाल्यांना केवळ हातावरून ओळखत. मजकूर कळला नाही तरी तोच माणूस काल फ्रान्समध्ये होता आणि आज दुसरीकडं सरकला, एवढं कळे. मला ही विद्या अजून आलेली नाही. आईला आली. तिला एक अक्षर येत नाही, शिकायचंही नाही. पण भाजी निवडता निवडता ती म्हणते, "हा कालचाच आहे, लंगडणारा," आणि मी उतरवलेलं नाव पाहतो तर खरोखर तोच निघतो. "आन हे पोरगं लई घाईत राहते, याले जेवाले नाही देत का?" ते बंगळुरूचं.

अशाच एका मेच्या पहाटे चौदा मेगाहर्ट्झवर अमेरिकेच्या उत्तरेकडचा, मिनेसोटाचा एक ओल्ड मॅन लागला. सरळ, निवांत हात. नाव झालं, गाव झालं, गाव पुन्हा झालं. मग हवा. मी आदल्या दुपारचं पाठवलं: तापमान ४६. सेल्सियस हे रोमनमध्ये सात अक्षरी प्रकरण आहे, ते कोण पाठवणार. त्यानं लगेच कळवलं, आमच्याकडंही अगदी तेवढंच, मी स्वेटर घालून बसलो आहे. अमेरिकेतलं ४६ म्हणजे आपलं आठ. मी खुलासा पाठवायला किल्लीवर हात ठेवला आणि वरचा थर हलला. त्याचा आवाज बारीक होत होत खरखरीत बुडाला. तेव्हापासून पृथ्वीवर एका माणसाच्या मते भद्रावती हे थंड हवेचं ठिकाण आहे.

त्याचं क्यूएसएल कार्ड आलं. ही कार्डं गठ्ठ्यानं, संस्थांमार्फत येतात, म्हणून वर्ष-दीड वर्ष लागतं. ते बरोबर पुढच्या उन्हाळ्यात आलं. दुपारचे दोन, रस्त्यावर कुत्रंही नाही, पोस्टमन डोक्याला दुपट्टा गुंडाळून दारात उभा. त्याला पाणी दिलं, गूळ दिला. कार्डावर एका बाजूला बर्फातली झोपडी, दुसऱ्या बाजूला तारीख, वेळ, माझ्या आवाजाची प्रत, आणि खाली शाईनं लिहिलेली एक ओळ.

आईनं विचारलं, "काय लिहिलं रे त्यानं?"

मी म्हटलं, "तब्येत सांभाळा, गरम राहा म्हणते."

आईनं पदरानं वारा घेतला. "सांग त्याले," ती म्हणाली, "राहूनच राहिलो म्हणा."